शब्दांखालचे ठिपके

वसुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला, बँकेत होतो. त्यांचा भाचा म्हणाला, "मावशी काल गेली. तुमच्या नावाची एक पिशवी ठेवलीय तिनं, घेऊन जा." पिशवीत काय असणार ते मला ठाऊक होतं. दीड वर्ष मी ती आणायला गेलो नव्हतो... तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

ताई ठाकुर्लीला एकट्या राहत. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली आणि निवृत्तीनंतर माझ्यासारख्या, पदरच्या खर्चानं पुस्तक काढणाऱ्यांची हस्तलिखितं तपासून देत. ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरून, ओठ हलवत वाचायच्या. सोसायटीच्या फळ्यावरची 'सुचना'सुद्धा खडूनं दीर्घ करून यायच्या. "सेक्रेटरी चिडत नाहीत?" मी विचारलं होतं. "चिडतात तर! पण आता 'सूचना' बरोबर लिहितात."

माझं पुस्तक आईवर होतं. आम्ही आगरी, आई तरुणपणी मिठागरात राबली, तिला लिहिता-वाचता येत नाही. तिनं सांगितलेलं मी तिच्याच बोलीत उतरवलं होतं. मग लाज वाटली. बँकेतले लोक वाचणार, साहेब वाचणार... लाल पेनानं तिचं बोलणं खोडून वर 'शुद्ध' मराठी लिहिलं आणि ते बाड पिशवीत घालून ताईंकडे दिलं.

पंधरवड्यानं त्यांनी बोलावलं. "तुझे सगळे 'आणी' ऱ्हस्व करून दमले रे," म्हणून हसल्या आणि एक पान पुढे केलं. आईचं वाक्य होतं, "मना वाचाला नाय येत, पन तू वाच, मी आयकतंय." ते खोडून मी वर लिहिलं होतं, "मला वाचता येत नाही, पण तू वाच, मी ऐकत आहे." खोडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीच्या ठिपक्यांची ओळ होती. पुढच्या पानांवरही तशाच ओळी.

"आमच्या छापखान्यात याचा अर्थ, खोडणं रद्द, मूळ शब्द होते तसेच राहू द्या," ताई म्हणाल्या. "जनार्दन, 'ऐकत आहे' असं तुझी आई कधी म्हणाली?"

"ताई, लोक हसतील."

"कोण लोक?"

"तुम्हाला सोपं आहे बोलायला. तुमच्या आईच्या बोलण्याला कुणी हसलं नसेल!"

त्यांनी फूटपट्टी बाजूला ठेवली. "नसेल," म्हणाल्या. "चहा घे."

शेवटची वीसेक पानं तपासायची होती म्हणून बाड त्यांच्याकडेच राहिलं. घरी माझी 'शुद्ध' फाइल टाइप होऊन तयार होती. गावच्या जत्रेला प्रकाशन करायचंय, वेळ नाही, असं स्वतःलाच सांगत मी ती परस्पर छापायला दिली. शिवाय आत त्यांचं नाव घातलं, 'मुद्रितशोधन : वसुधाताई'. त्यांनी नको म्हटलेल्या प्रत्येक ओळीला त्यांचं नाव चिकटवलं. प्रत पोचल्यावर त्यांचा फोन आला. "मुखपृष्ठ छान झालंय," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रकाशनाच्या संध्याकाळी मी आईला दोन पानं वाचून दाखवली. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही कोन बाय रं? मी नाय." हे ताईंना सांगायला हवं होतं. 'तुमचं बरोबर होतं' एवढं म्हणायला ठाकुर्ली काही लांब नव्हती... तीच पिशवी आणण्याच्या निमित्तानं जाता आलं असतं. नाही गेलो.

परवा पिशवी आणली. राहिलेली वीस पानंही तपासलेली होती, तशीच ठिपक्यांसकट. म्हणजे पुस्तक छापून हातात आल्यावरही त्या फूटपट्टी घेऊन बसल्या होत्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, 'दुसऱ्या आवृत्तीसाठी. आईंना विचारून घे.'

आई शेजारी येऊन बसली. ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "यो काय रं? मुंग्या?"

मी अर्थ सांगितला.

"मंग तू खोडलास कशाला?"

"लाज वाटली, आई."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. "वाच आता," म्हणाली.

पिशवीच्या तळाशी ताईंची फूटपट्टी होती. ती मी पहिल्या ओळीखाली धरली.