एस्तेरबाईंचा गुरुवारचा रविवार

आदरणीय एस्तेरबाई साबळे यांची आणि माझी ओळख एका शेळीने करून दिली. पारनेर तालुक्यातल्या या गावी शिक्षक म्हणून माझी बदली झाली, तेव्हा फाट्यावर एस. टी.तून उतरून, ट्रंक खांद्यावर घेऊन, मी भर उन्हात गावात पोहोचलो. गावात आपल्या ख्रिस्ती मंडळीचे लहानसे प्रार्थनामंदिर आहे, सोय होईपर्यंत तिथेच टेकावे, असे नगरला मला सांगितले होते. मंदिराच्या दारात नऊवारी नेसलेल्या, चष्मा लावलेल्या एक बाई एका दांडग्या शेळीला बाहेर ओढत होत्या आणि शेळी तितक्याच निश्चयाने आत ओढत होती. मी ट्रंक ठेवून अदबीने हात जोडले.

"मास्तर, नमस्कार मागनं करा. आधी दावं धरा," बाई म्हणाल्या.

शेळी बाहेर निघाली, बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि मला नखशिखान्त न्याहाळले. "पेटी वाजवता का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटले, "थोडी थोडी." तेव्हा बाई खूश होऊन म्हणाल्या, "थोडी पुरे. आमी गातो लई जोरात. तुमची चूक कुनाला ऐकू यायची न्हाई." तेव्हापासून मी मंडळीचा पेटीवाला झालो तो आजतागायत. बाईंच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त हा गौरवग्रंथ निघत आहे आणि त्यात लिहिण्याचा मान मला मिळाला आहे, याचे श्रेय मी त्या शेळीला प्रामाणिकपणे देतो.

बाईंचे काम बायबलबाईचे. म्हणजे घरोघर जायचे, बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, बाप्तिस्म्याची तयारी करून घ्यायची, आजाऱ्यापाशी बसायचे. पाळकसाहेबांकडे तालुक्यातल्या बऱ्याच गावांचा भार. ते महिन्याकाठी एखादी फेरी करतात. बाकीचे दिवस मंडळी सांभाळायची ती बाईंनी. ऐन तारुण्यात वैधव्य आले, तेव्हापासून त्या हे करीत आल्या आहेत. त्यांच्या शिकवण्याची रीत मी जवळून पाहिली आहे. गोष्ट सांगून त्या कधी मोकळ्या होत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच ओसरीवर बसून त्या विचारतात, "काल कुठवर आलो हुतो?" आणि मग गोष्ट समोरच्या बाईने सांगायची. ती चुकली तरी बाई मध्ये बोलत नाहीत. आम्हा प्रशिक्षित शिक्षकांना हे जमत नाही. पोर चुकले की आमची जीभ शिवशिवते.

बाईंची घाई नसण्याची तऱ्हा आणखी एका प्रसंगाने मला कळली. मथुराबाई आणि त्यांचे यजमान हे गावातले मोलमजुरी करणारे जोडपे. त्यांची लेक मोठ्या दुखण्यातून उठली. बाई तिच्या उशाशी बसून प्रार्थना करीत असत, म्हणून लेक बरी होताच दोघे बाप्तिस्मा मागायला आले. दुसऱ्या कुणाला आनंदाचे भरते आले असते. बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "एक वरीस थांबा. पोर बरी झाली म्हनून आलात. उद्या पुन्हा आजारी पडली तर जाल का?" मथुराबाईंना ते लागले. त्या चहा अर्धा टाकून उठून गेल्या. पण बाई रोज त्यांच्या दारी जात राहिल्या. वर्ष उलटल्यावर मथुराबाईंनीच येऊन सांगितले, "बाई, पोर मधी दोनदा पडली आजारी. आमी हितंच हाय." त्यांच्या बाप्तिस्म्याला मी पेटी वाजवली आणि त्या दिवशी माझी चूक सर्वांना ऐकू आली, कारण बाई गातच नव्हत्या, रडत होत्या.

बाईंचा जिव्हाळा गोड बोलण्यात दिसत नाही, हे सांगितलेच पाहिजे. माझ्या पत्नीला विषमज्वर झाला, तेव्हा बाई आपली वळकटी घेऊन आमच्या घरी राहायलाच आल्या. तिचे डोके दाबताना त्यांचा हात इतका हळुवार आणि मला स्टोव्ह पेटवता येत नाही म्हणून तोंड इतके तिखट, की एकाच बाईंचे हे दोन अवयव आहेत यावर विश्वास बसू नये. पत्नी हिंडूफिरू लागली तशी बाईंनी वळकटी उचलली. आम्ही आभार मानायला गेलो, तर त्यांनी विचारले, "स्टोव्ह येतो का आता?"

पण बाईंचे खरे मोठेपण मंडळीला आणि मला कळले ते बहात्तरच्या दुष्काळात. तो प्रसंग सविस्तर लिहितो.

ज्वारी सलग दोन हंगाम हातची गेली. आपल्यातली काही घरे कोल्हारकडे, प्रवरेच्या पाण्यावर, उसाच्या कामाला गेली. उरलेली सगळी सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. या कामाला आठवड्याची सुटी असे ती बाजाराच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी. रविवारी काम चालू. ज्याने रविवारी खाडा केला त्याच्या घरी चूल पेटायची मारामार. साहजिकच रविवारच्या उपासनेला चार म्हातारी माणसे, बाई, मी आणि पेटी एवढेच उरलो.

बाईंना ओस पडलेल्या चटयांचे दुःख होतेच, पण त्यांना वेगळीच गोष्ट दिसली. एके संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "मास्तर, मथुरा आजकाल वढ्यानं जाते. माझ्या दारावरनं येत न्हाई." रविवार चुकतो म्हणून माणसे बाईंना तोंड चुकवू लागली होती, आणि बाईंच्या मते बाईंना चुकवणे ही फक्त सुरुवात होती; थोड्या दिवसांनी ती देवालाही तोंड चुकवतील. नवीन घरे तर कायमची तुटतील, ही भीती त्यांना खात होती.

त्यांनी उपाय काढला. मंडळीचा रविवार गुरुवारी भरवायचा. सकाळी उपासना, मग ज्याने त्याने बाजाराला जावे. मी म्हणालो, "बाई, रविवार तो रविवार. तो आपल्याला असा उचलून ठेवता येईल का?" बाई म्हणाल्या, "देव काय ऐतवारचा मुक्कामी पाव्हना हाय? सोमवारी उठून जातो?" खरे सांगायचे तर शाळेच्या दिवशी आणखी लवकर उठून पेटी वाजवावी लागणार, हाच माझा मुख्य आक्षेप होता आणि तो बाईंनी केव्हाच ओळखला होता.

गुरुवारी मंदिर भरू लागले. मथुराबाई ओढ्याची वाट सोडून पुन्हा दारावरून येऊ लागल्या. आणि बाकीचे दिवस, रविवारसुद्धा, बाई काय करीत? दुपारच्या सुटीत त्या स्वतः पायी कामावर जात आणि बाभळीखाली बसून भाकरी खाणाऱ्या बायकांना विचारत, "काल कुठवर आलो हुतो?"

ही बातमी पाळकसाहेबांच्या कानी गेली. साहेब सज्जन, अभ्यासू; पण रविवार मोडणे त्यांना पटेना, आणि त्यात त्यांचे चूक होते असे मला आजही म्हणवत नाही. तालुक्याच्या गावचे दोन पंच घेऊन ते एका रविवारी न कळवता आले. मंदिराला कडी. पायरीवर एक कोंबडी बसलेली. गुरुवार ही नुसती सबब, मंडळी मोडलीच, असाच त्यांचा समज झाला. बाई समोर आल्या तेव्हा साहेब दुःखाने म्हणाले, "एस्तेरबाई, इथली उरलेली घरे आता मोठ्या गावच्या मंडळीला जोडावीत हे बरे. तुम्ही नगरला मुलींच्या वसतिगृहात या. तुमचीही दगदग वाचेल."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या म्हणाल्या, "सायेब, मंडळी हाय. फक्त हितं न्हाई. येता का माझ्याबरोबर?"

आम्ही सगळे तापल्या रस्त्याने कामावर पोहोचलो तेव्हा दुपारची सुटी नुकतीच होत होती. साहेबांचा पांढरा कोट लांबून दिसताच बायकांची धांदल उडाली. कुणी पदर ओढला, कुणी घमेले तोंडापुढे धरले. रविवारी हातात हातोडा घेतलेले साहेबांनी पाहिले, आता मंडळीतून नाव जाणार, हेच सर्वांच्या मनात. बाई मात्र नेहमीच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "मथुरा, काल कुठवर आलो हुतो?"

मथुराबाई घमेल्याआडूनच म्हणाल्या, "पेरनाऱ्यापातूर."

"मग सांग की."

मथुराबाई सांगू लागल्या. पेरणारा निघाला, काही बी वाटेवर पडले, काही खडकावर. भीती ओसरली तशी गोष्ट रंगली. शास्त्रात नसलेली पेरणाऱ्याची बायकोही तीत आली आणि "बी काय फुकट आलंय व्हय, असं कुठंबी टाकतायसा?" म्हणून नवऱ्याला फैलावर घेऊ लागली. बायका खुदखुदल्या. मी चोरून साहेबांकडे पाहिले, तर साहेब रुमालाने तोंड झाकून हसत होते. मग मथुराबाई थांबल्या, मांडीखालच्या खडीकडे बघून म्हणाल्या, "खडकावर पडलं त्ये उगावलं, पन वाळलं. मूळ न्हवतं त्याला. सायेब, आमी बी खडकावरच बसलोय. पन बाई रोज येत्यात. आमचं वाळायचं न्हाई."

मुकादमाने शिटी मारली, बायका उठल्या. साहेबांनी बाईंना विचारले, "गुरुवारी किती वाजता असते उपासना?" त्या गुरुवारी त्यांनी स्वतः येऊन प्रभुभोजनाची भाकर दिली आणि दुष्काळ सरेपर्यंत येत राहिले. वसतिगृहाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मात्र बाईंची खरी परीक्षा पुढेच होती. गेल्या वर्षी पाऊसपाणी झाले, रस्त्याचे काम बंद झाले, आणि पुढच्या रविवारपासून उपासना पूर्ववत असे ठरले. आदल्या संध्याकाळी बाई मंदिराच्या पायरीवर बसून होत्या. मी प्रथमच त्यांना घाबरलेले पाहिले. "ऐतवार मीच मोडला, मास्तर," त्या म्हणाल्या. "वापसा आलाय, जमीन पेरायजोगी झालीय, समद्यांची पेरनी खोळंबलीय. उद्या कोन येनार? अन् उद्या न्हाई आली तर मी त्यांची सवय मोडली, असंच व्हईल."

रविवारी मी पेटी लावून बसलो. वेळ झाली, पण कुणी नाही. बाई दाराकडे बघायच्या आणि नजर खाली घालायच्या. मग बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. माणसे पहाटेपासून पेरून, पाभर तशीच रानात ठेवून आली होती. बैल आवारातल्या लिंबाला बांधले. पायांना चिखल. कोल्हारकडे गेलेली घरेही परतली होती, तीही आली. चटया पुरल्या नाहीत. माणसे दाराबाहेर उभी राहिली.

बाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या. तोंड उघडले, पण शब्द फुटेना. ज्यांची प्रार्थना कधी अडली नाही, त्या बाई नुसत्या उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. मला वाटले, पेटी वाजवावी. तेवढ्यात बायकांतून मथुराबाई उठल्या. चारचौघांत त्यांनी आजवर कधी प्रार्थना केली नव्हती.

"देवा बापा," त्या म्हणाल्या, "आमी समदी आलोय. तू मोजून घे. आमच्या बाईला रडू आलंय, तिला रडू दे. पन तिला लई वर्सं ठेव आमच्यात. धडधाकट ठेव. आमाला अजून निम्मीबी गोष्ट येत न्हाई."

पूज्य एस्तेरबाईंना साठाव्या वर्षी शुभेच्छा द्याव्यात म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. त्या दिवशी मथुराबाईंनी मागितले त्याहून अधिक काही मागणे मला सुचत नाही. तेव्हा मंदिरभर उमटलेल्या "आमेन"मध्ये माझाही आवाज होता. तोच आज इथे पुन्हा लिहितो: आमेन.