पाण्यातल्या घरावरचा गुलाल

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जन्मघर शाहूवाडीच्या डोंगरात, धरणाच्या पाण्याखाली आहे. त्यांच्या लहानपणी गाव उठलं आणि ते आईबापांबरोबर उचगावात आले. म्हातारपणी त्यांनी एकच धोसरा लावला होता, "एकदा घर दाव, मग मी मोकळा." आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो होतो. पाण्याखालच्या वस्तू लेसरनं मोजायचं माझं काम, त्यामुळं त्यांच्या लेखी मला काहीच अवघड नव्हतं.

एका उन्हाळ्यात त्याच धरणाच्या भिंतीची पाहणी आमच्या कंपनीकडं आली. भिंत उरकल्यावर साहेबांना विचारून होडी आणि यंत्र दुपारभर मागून घेतलं आणि आबांना होडीत बसवलं. पाणी उतरलं होतं आणि नितळ होतं. लेसरची हिरवी रेघ तळावरून फिरवायची. ती जिथं जशी वाकते, त्यावरून लॅपटॉपवर दगडन्‌दगड उंची-खोलीसकट उभा राहतो, चारी अंगांनी फिरवून बघता येतो. पाणी मात्र गढूळ चालत नाही. हे आबांना हजारदा बजावलं होतं.

यंत्र सुरू केलं आणि या माणसानं खिशातली पुडी सोडून जोतिबाचा मूठभर गुलाल पाण्यात उधळला! पडद्यावर घराच्या जागी नुसते ठिपकेच ठिपके.

"आबा! अक्कल काय चरायला गेलीय व्हय तुमची?"

"इतक्या वर्सांनी घरला जायचं, आनि रिकाम्या हातानं?" ते म्हणाले. "आमच्यात न्हाय चालत."

गुलाल बसेपर्यंत मी धुमसत बसले. मग पुन्हा यंत्र फिरवलं. भिंतींचे पाये दिसले, पायरी दिसली, कोपऱ्यातलं उखळ दिसलं. आबा पार पडद्याला नाक लावून बसले.

"दार कुठं हाय?"

"तुमच्या वडलांनीच आणलंय की काढून. उचगावच्या घराला तेच बसवलंय."

"व्हय की." त्यांनी उखळावर बोट ठेवलं. "आई हितं बसायची. मानसं न्हाईत दिसत ह्यात?"

"नाही, आबा."

"मग घर बघून काय करायचं," म्हणाले, आणि पडद्यापासून मागं सरकले.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. कामावरून येते, तेच जुनं दार उघडते, आणि आतून "आलीस व्हय?" असं कुणी विचारत नाही. एकटीसाठी भाकरी थापायचा वैताग येतो. एका संध्याकाळी लॅपटॉपवर ते पाण्यातलं घर उघडलं. पायरी, उखळ, सगळं जागच्या जागी. आबा कुठंच नव्हते. रडू आलं, रागही आला.

मग ती पहिली, बिघडलेली फाइल उघडली. पुसायची राहून गेली होती. घर नाहीच त्यात, नुसता गुलाल. पडद्यावर तो गुलाबी दिसत नाही, पण कणन्‌कण आपापल्या खोलीवर थांबलाय. चूक आबांचीच होती, आजही तोंडावर सांगेन. पण त्यांच्या मुठीतून सुटलेला तो गुलाल अजून तळाला पोचलेला नाही. रोज जेवण झालं की मी तो फिरवून फिरवून बघते.