घर बंद, रंग लाल

तुमच्या घराचा रंग कोण ठरवतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

वस्तीच्या सभेचं पत्रक छापायला मी सुरेखाताईंच्या डीटीपीच्या दुकानात गेलो, तेव्हा त्यांच्या पडद्यावर वॉर्ड ऑफिसने छापायला दिलेला आमच्याच वस्तीचा नकाशा होता. प्रत्येक घराचा एक चौकोन आणि त्यात पुनर्वसनाच्या सर्वेक्षणाचा शेरा. ताईंनी बटण दाबलं. ‘पात्र’ लिहिलेले चौकोन आपोआप हिरवे झाले, ‘घर बंद’ लिहिलेले लाल. लाल म्हणजे नव्या इमारतीत जागा नाही.

आमच्या शेजारच्या शेवंतामावशींचा चौकोन लाल होता. सर्वेक्षणवाले सकाळी अकराला आले, तेव्हा मावशी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत होत्या.

“ताई, एवढा एक हिरवा करा ना.”

“करते की.” त्यांनी केला आणि पुन्हा बटण दाबलं. चौकोन परत लाल. “ते मजकूर बघून रंगतं रे. शेरा बदलायचा हक्क मला नाही. एवढी पत्रकं काढतोस, तुला तरी आहे का?”

हाताने रंगवणारा माणूस निदान प्रत्येक घरापाशी क्षणभर थांबला असता. इथे थांबायला कुणी नव्हतंच.

नकाशा सोमवारी वॉर्ड ऑफिसबाहेर लागेल. शेजारचं घर लाल दिसलं, तर ‘इथे माणूस राहतो, दिवसा कामावर जातो’ एवढं कागदावर लिहून सहीनिशी आत द्या. रंग बदलेलच असं मला सांगता येत नाही. तरी द्या.