नैवेद्याआधीचा घास

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी थोरल्या जाऊबाईंच्या कपाळावर घाम दिसला, तेव्हा मला वाटलं, शेगडीची धग असेल. सकाळी त्यांनी इन्शुलिन टोचून घेतलं होतं, पण नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही हा त्यांचा हट्ट. पुरणपोळी लाटता लाटता हात थरथरायला लागले. "काय होतंय?" म्हटलं, तर खेकसल्या, "तू कोण गं मला विचारणारी?" आणि खरंच अनोळखी नजरेनं बघत राहिल्या. साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा कुठे डोळ्यांत ओळख आली.

डॉक्टर म्हणाले, मेंदू साखरेवर जगतो. ती उतरली की शरीर ॲड्रेनलिन नावाचं संप्रेरक सोडतं. घाम, थरथर, धडधड ही त्याचीच हाक. पण असं वारंवार झालं की हाक क्षीण होते, आणि माणूस घाम न येताच बेशुद्ध पडतो. जाऊबाईंची हाक आताशा फार हळू झालीय म्हणे.

तेव्हापासून मनात येतं, आपण एखाद्याच्या चिडण्यावर रुसून बसतो, आणि आत बिचारा मेंदू उपाशी तगमगत असतो. आणि शरीरच हाक मारेनासं झालं, तर शेजारच्यानं काय ऐकायचं? त्यानं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, दुसरं काय!

आज पुन्हा गौरीजेवण. मी भाताची ताटली पुढे केली.

"अगं, गौरी रागावतील!"

"रागावू देत. त्यांची समजूत मी काढीन. तुम्ही आधी खा बाई."

त्यांनी घास घेतला, मग मी लाटणं हातात घेतलं.