कलई नसलेली तार

तांब्यावर चढलेला तो हिरवा रंग प्रथमदर्शनी सुंदरच वाटला; ओलसर, मखमली, एखाद्या पाखराच्या गळ्यावर शोभावा असा. शकूताईनं तारेचं आवरण सोललं आणि चिमटीत धरताच तार तुटली. बोटांवर उरली ती हिरवट भुकटी. सौंदर्य आणि विश्वासघात एकाच रंगात असे नांदतात तरी कसे?

शकूताई माझी थोरली बहीण. पैठणजवळ, जायकवाडीच्या फुगवट्यावर ती आणि भाऊजी मोटारीची नाव चालवतात. पलीकडच्या वस्तीवरची माणसं तिच्यातूनच ये-जा करतात. गेल्या वर्षी नावेची दुरुस्ती काढली, तेव्हा पंपाला नि मोटारीला जोडायची तार घ्यायला ताई शहरात, पुंडलिकनगरला माझ्याकडं आली. दुकानात तिनं कलई केलेली तार मागितली. तिचा तर्क स्वयंपाकघरातला होता: कलई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, मग सदा ओलाव्यात राहणारं उघडं तांबं कसं टिकेल? दुकानदार हसला. कलई समुद्रातल्या नावांना लागते, धरणाच्या गोड्या पाण्याला कशाला, असं म्हणत त्यानं घराच्या भिंतीत घालतात ती साधी तार कापून दिली. त्याच्या जाणतेपणावर विसंबून ताईनं ती घेतली.

यंदा श्रावणात मी त्या नावेत होते. भर दुपारी वारा उठला, लाटा आत येऊ लागल्या, आणि पाणी उपसणारा पंप बंद पडला. पाठोपाठ मोटारही गप्प झाली. शेजारी एक लेकुरवाळी बाई बाळाला छातीशी घट्ट धरून बसली होती. आम्ही डब्यांनी पाणी उपसत राहिलो. वाऱ्यानं नाव खडकाकडं ढकलली, तेव्हा ती आपटू नये म्हणून भाऊजींनी हात पुढं केला आणि त्यांचं मनगट मोडलं. माणसं सगळी वाचली. त्या वाचण्याचं श्रेय मात्र त्या तारेला नव्हतं!

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी त्याच दुकानात गेलो. ताईनं नावेतून काढलेली ती हिरवी, तुटकी तार गल्ल्यावर ठेवली. हीच तार लोक गाड्यांनाही घालतात, आजवर कुणी तक्रार केली नाय, असं तो म्हणाला. ताईचा आवाज चढला नाही.

"तुझं लेकरू त्या नावेत असतं, तर हीच दिली असती का?"

त्यानं मान वळवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं.

बारीक तारांची, प्रत्येक तारेवर कलई असलेली चंदेरी तार आम्हाला दुसरीकडं मिळाली. भाऊजींचा हात गळ्यात होता. ते सांगत गेले, ताई सांधे जोडून झाकत गेली. आता नाव तीच चालवते. लोक म्हणतात, झालं गेलं विसरा. का विसरावं? अज्ञान क्षम्य असेल. पण दुसऱ्याच्या जिवावर बेतणारी ती हसरी बेफिकिरी कुठल्या न्यायानं क्षम्य ठरते? परवा त्या दुकानावरून जाताना पाहिलं, एक माणूस आपल्या गाडीसाठी तार मागत होता. दुकानदार तसाच हसला आणि त्यानं कात्री उचलली. मी रिक्षा थांबवली आणि खाली उतरले.