बापूरावांचे सव्वीस गुण

बापूराव केदारींनी पन्नास वर्षं अप्पा बळवंत चौकात पुस्तकं बांधली. बुधवार पेठेत आमच्या वरच्या खोलीत ते एकटे राहतात. गेल्या महिन्यात रक्तातलं सोडियम उतरलं आणि स्वतःच्याच दारात उभे राहून ते मला विचारू लागले, "इथे कोण राहतं?" मी त्यांना एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं.

सोडियम चार दिवसांत वर आलं, पण डिस्चार्ज मिळेना. चालणं ठीक होतं. प्रश्न आठवणीचा होता. वृद्धांचे आजार शिकवणाऱ्या राजनंदिनी मॅडमनी स्पष्ट सांगितलं, स्मरणाच्या चाचणीत तीसपैकी चोवीस मिळाले तर घरी. नाहीतर नाशिकच्या मुलाने, समाधानने, कोथरूडच्या पुढे वृद्धाश्रमात जागा सांगून ठेवली होती.

ही चाचणी मॅडम विद्यार्थ्यांकडून करून घेत. बापूराव चांगली केस, स्वच्छ बोलतात आणि कंटाळत नाहीत. रोज नवा विद्यार्थी, हातात तोच छापील कागद. वार कोणता, गाव कोणतं, आणि तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी तेच विचारायचे.

"आज वार कोणता, आजोबा?"

"तुमची तुकडी आली म्हणजे गुरुवार. साहेब लोक सोमवारी येतात."

गुण वाढत गेले. एकोणीस, बावीस, सव्वीस. विद्यार्थी आनंदाने 'सुधारणा' लिहीत. संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो, की बापूराव उशीखालून औषधाच्या खोक्याचा तुकडा काढून त्यावर लिहिलेली उत्तरं पाठ म्हणत. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. तो माणूस घरी यावा असं मलाही वाटत होतं.

शुक्रवारी निर्णय होता. गुरुवारी दुपारी चैताली नावाची विद्यार्थिनी आली. मी शेजारी बसलो होतो.

"मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा हं. पेरू—"

"छत्री, पितळ," बापूराव म्हणाले.

चैतालीचं पेन थांबलं. तिने कागद उलटा ठेवला. "आजोबा, सकाळी नाश्त्याला काय होतं?"

बापूरावांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. खिडकीला जाळी होती.

"हे तुमच्या कागदावर नाही," ते म्हणाले.

"गॅस बंद केला की नाही, हेही कागदावर नसतं, आजोबा."

"डॉक्टरीणबाई, माझी खोली आहे हो. सगळं जिथल्या तिथे आहे. सव्वीस लिहा."

तिने पेनाला टोपण लावलं. मग काहीच न लिहिता उठली. जिना उतरताना मला म्हणाली, "सर, आम्हीच शिकवलंय त्यांना हे. अकरा जणांनी."

शुक्रवारी तिने मॅडमना सांगितलं, गुण धरू नयेत, शब्द पाठ झालेत. मॅडमनी वेगळ्या शब्दांचा कागद मागवला आणि खुर्ची ओढून स्वतः विचारलं. पाच मिनिटांनी बापूरावांनी मान खाली घालून जुनेच तीन शब्द सांगितले. सतरा गुण झाले. समाधानने पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून वृद्धाश्रमाच्या अर्जावर सही केली.

"बाबा, मी दर रविवारी येईन."

"नाशिकहून? पेट्रोल जाळू नकोस."

वृद्धाश्रमातली जागा सोमवारी रिकामी व्हायची होती, म्हणून आणखी तीन रात्री तोच पलंग. शनिवारी दुसरी तुकडी आली. आदल्या दिवशीचं काहीच ठाऊक नसलेली एक मुलगी पलंगाशी वाकली.

"आजोबा, आपलं नाव?"

"बापूराव केदारी."

"मी तीन शब्द सांगते—"

बापूरावांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "नका सांगू. आठवत नाही असं लिहा. पुढच्या पलंगावर जा, ते गृहस्थ नवीन आहेत."