समृद्धीच्या डाव्या गालावरची तीट

खरं सांगायचं तर या वेळी जायची अजिबात इच्छा नव्हती. बावीस वर्षं मुलांचे फोटो काढतेय, कंबर कामातून गेलीय, आणि पुण्याहून इंदापूर तालुक्यातल्या बावड्यापर्यंत एका फोटोसाठी एसटीने जायचं म्हणजे दोन दिवस मोडणार. पण बावड्याहून सुनीताचा फोन आला होता आणि त्या फोनवर मी न बघता एक वाक्य बोलून बसले होते.

सुनीता आणि तिचा नवरा पेरू आणि भाजीपाला पिकवतात. त्यांच्या जुळ्या मुलींचा, ईश्वरी आणि समृद्धीचा फोटो मी मागच्या हिवाळ्यात त्यांच्या बागेत काढला होता. तो मोठा करून, फ्रेम घालून त्यांनी टीव्हीच्या वर लावलाय. सुनीता म्हणाली, "म्याडम, समृद्धी म्हणती, फोटोत मी न्हायच. दोन्ही ईश्वरीच हायत. पाहुण्यांसमोर बी तेच. सांगून सांगून दमलो. तुमी बोला, तुमचं ऐकंल." फोन सात वर्षांच्या समृद्धीकडे गेला. मी घाईत होते. म्हटलं, "अगं वेडाबाई, तूच आहेस ती." तिने फोन आईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुने फोटो उघडले. पोरगी खरं बोलत होती. ज्या फोटोत ईश्वरी छान आली होती, त्यात समृद्धीचे डोळे मिटले होते. असं झालं की आम्ही दुसऱ्या फोटोतला उघड्या डोळ्यांचा चेहरा उचलून तिथे बसवतो. पण त्या दुसऱ्या फोटोपर्यंत दोघींनी जागा बदलल्या होत्या, आणि मी जागा बघून चेहरा उचलला, माणूस बघून नाही. कपडे सारखे, वेण्या सारख्या. ओळख पटायला एकच खूण होती, ती म्हणजे गालावरची तीट. एकीच्या उजव्या गालावर, दुसरीच्या डाव्या. ती मी सगळ्यात आधी पुसून टाकली होती. काळा ठिपका दिसला की पुसायचा, हाताला सवयच लागलीय.

सुनीताला फोन करून सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी येते.

स्वारगेटहून बारामतीची विनाथांबा गाडी धरा, तास-अर्ध्या तासाने मिळते, अडीच-तीन तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट. खिडकी उजवीकडची घेऊ नका, दुपारचं ऊन तोंडावर येतं. मी घेतली आणि भाजून निघाले.

बारामतीत मुक्काम करायचाच होता, म्हणून जवळच्या कोऱ्हाळे बुद्रुकला एक काम घेतलं होतं. नवरा-बायको दोघंही बँकेत नोकरीला, मुलगा पाच वर्षांचा. आधीच कळवलं होतं की मुलांचे फोटो सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर काढायचे. यांनी मला अडीच वाजता उसाच्या बांधावर उभं केलं. डोळ्यांखाली काळ्या सावल्या, मुलगा वैतागलेला, डोक्यातून तुरा उगवल्यासारखा मागे ऊस. मुलाला चिंचेच्या सावलीत नेलं आणि स्वतः मातीत बसले. एवढं तरी शिकून घ्या: कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. वरून काढलेल्या फोटोत मूल नेहमी कुणाला तरी जाब देत असल्यासारखं दिसतं.

निघताना वडील हळूच म्हणाले, "म्याडम, जरा उजळ करा त्याला." एरवी मी हो म्हणते. वाद घालायचं बळ कुणाला आहे? त्या दिवशी मात्र म्हटलं, "आहे तोच रंग ठेवते, सुंदर आहे." त्यांना पटलं नाही, पण गाडीने बारामतीत सोडलं. स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं, एक थंडगार वडापाव खाल्ला आणि झोपले.

सकाळी इंदापूरची एसटी. कारखाने सुरू असतील तेव्हा या रस्त्याला वेळेचा हिशोब धरू नका. लासुर्ण्याच्या अलीकडे आमच्यापुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर होते, आणि आम्ही त्यांच्यामागे बैलगाडीच्या चालीने. शेजारी एक आबा बसले होते. माझी बॅग बघून म्हणाले, "क्यामेरा हाय व्हय ह्यात? लगीन हाय का कुणाचं?"

"नाही आबा. एका मुलीचा फोटो माझ्याकडून चुकला. परत काढायला चाललेय."

आबांनी मला नीट बघून घेतलं. "आमच्या हितला फोटोवाला चुकला तर फोन उचलत न्हाय," ते म्हणाले.

मला काही फार बरं वाटलं नाही. मी तरी फोन उचलून काय दिवे लावले होते?

इंदापूरहून बावड्याला वडाप मिळतं. जीप भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा पाणी जवळ ठेवा. पोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. सुनीताने शेंगोळी केली होती, हुलग्याच्या पिठाची, लसणाच्या झणझणीत रश्श्यात. या प्रवासात पोटाला आराम वाटला तो तेवढाच. ईश्वरी माझ्या बॅगेला चिकटली. समृद्धी दारातच उभी राहिली, आत आली नाही.

मुलींचे आजोबा, तात्या, ओसरीत बसले होते. त्यांनी काजळाची डबी काढली, दोघींना पुढ्यात घेतलं आणि बोटानं तीट लावली. ईश्वरीला उजव्या गालावर, समृद्धीला डाव्या. "बारशापास्नं असंच हाय," तात्या म्हणाले. "मला वळकू यावं म्हणून."

बागेत पेरूच्या सावलीत आधी समृद्धीला एकटीलाच बसवलं. कॅमेरा वर केला तर ही डोळे ताठ उघडे ठेवून बसलेली. पापणी हलेना. डोळ्यांत पाणी आलं तरी मिटेना.

"अगं, डोळे का ताणतेस?"

"मिटलं तर तुमी ईश्वरीचं तोंड लावाल."

मी कॅमेरा खाली ठेवला. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण अशी लाज कधी वाटली नव्हती. तिला घेऊन ओसरीवर आले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "समृद्धी खरं बोलत होती. फोटोत दोन्ही ईश्वरीच आहेत. मी न बघता तिला खोटं पाडलं. चूक माझी."

सुनीता पदराशी चाळा करत राहिली. मग ईश्वरी हळूच म्हणाली, "मला ठाऊक हुतं."

"मग बोलली का न्हाईस, भवाने?" सुनीता म्हणाली.

"मी दोन्हीकडं छान दिसत हुते."

मी लॅपटॉप उघडून मूळ फोटो दाखवला, काहीच न पुसलेला. ईश्वरी हसतेय, शेजारी समृद्धी डोळे गच्च मिटून, नाक आक्रसून. तात्या पडद्याला नाक लागेल इतके जवळ आले. डाव्या गालावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही समी. आन ही ईशी." मग मागे सरून बसले. "भितीवरच्या फोटोत मला कदीच उमगलं न्हाय. म्या म्हणलं, डोळं गेलं आपलं. कुणाला बोललो न्हाय."

समृद्धी अजून पडद्याकडेच बघत होती. "ह्योच लावा," ती म्हणाली.

"डोळं मिटल्याला?" सुनीता म्हणाली. "म्याडम नवा काढत्यात की."

"माझंच हायत की डोळं."

नंतर नवेही काढले. चांगले आले, समृद्धीने हवे तेव्हा डोळे मिटले. पण लावायचा कुठला ते ठरलं होतं. परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. उभ्याने आले, कंबर अजून धरलेली आहे.

तुम्ही घरच्या मुलांचे फोटो एडिट करत असाल तर माझं एवढंच ऐका: काहीही पुसण्याआधी ते कुणी लावलंय ते विचारा. मी आता विचारते. काम दुप्पट वाढलंय आणि मी आधीच दमलेली आहे, पण विचारते.

फ्रेम पाठवली, आणि आठवड्याने सुनीताने मोबाइलवर एक फोटो धाडला. टीव्हीच्या वर नवी फ्रेम, खाली समृद्धी. प्रकाश मागून आलेला, टीव्हीची वायर तोंडावरून गेलेली, अर्धा पंखा मध्येच. रचना म्हणून बघाल तर सगळं चुकलेलं. समृद्धी वरच्या फोटोकडे बोट करून उभी आहे, डोळे गच्च मिटून, नाक आक्रसून, अगदी तशीच. मी त्याला हात लावलेला नाही.